मेलेल्या दाताची नाडी

दात जिवंत आहे की मेलेला, हे बाहेरून बघून कळत नाही. मेलेला दात तोंडात वर्षानुवर्षं उभा राहतो, भाकरी चावतो, लग्नाच्या फोटोत हसतो. आत मात्र काही नसतं. नांदेडात अठरा वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर मला अशा गोष्टींची भीती वाटायचं काही कारण नव्हतं. पण लातूरच्या सिद्धरामअप्पांनी बनवलेल्या शेवटच्या यंत्राने मला घाबरवलं, हे मी लपवणार नाही. एका दातापायी ते स्वतःचा जीव घालवायला निघाले होते, आणि तो दात मी उपटलेला होता.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. शिक्षण आयटीआयपर्यंत. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं एवढंसं दुकान होतं. तिथे एकदा एका दंतवैद्याने परदेशी बनावटीचं जळालेलं यंत्र आणून टाकलं. दाताला टोक लावायचं, बारीकशी वीज हळूहळू वाढवत न्यायची, आणि झिणझिण्या आल्या की पेशंटने बोट उचलायचं. बोट उचललं तर दात जिवंत. शेवटपर्यंत काहीच जाणवलं नाही तर मेलेला. अप्पांनी ते चार दिवसांत दुरुस्त केलं आणि पाचव्या दिवशी हुबेहूब तसं दुसरं बनवून साबणदाणीत बसवून नेलं. डॉक्टर आधी हसला आणि मग त्याने साबणदाणीच ठेवून घेतली.

तिथून अप्पांचा धंदा बदलला. पुढे त्यांनी दाताच्या मुळाची लांबी मोजणारं दुसरं यंत्र काढलं. ते मुळाच्या टोकाजवळ गेलं की शिट्टी वाजवायचं. लातूर, नांदेड, भोकर, हदगाव, कुठेही जा, एखाद्या डॉक्टरच्या ड्रॉवरमध्ये अप्पांची वस्तू निघणारच. कंपनीचा शिक्का नाही, पेटंट नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला तेवढी विभूतीची तीन बोटं ओढलेली असायची.

प्रत्येक यंत्र आधी गंगम्माच्या तोंडात जायचं. गंगम्मा म्हणजे त्यांची बायको. दुपारी डबा घेऊन आली की अप्पा तिला स्टुलावर बसवायचे. तिच्या हातात स्टीलची दांडी द्यायची, एकेक दात तपासायचा. झिणझिणलं की ती कानडीत ‘बंतु’ म्हणायची, म्हणजे ‘आलं’. अप्पा आकडा लिहून घ्यायचे. एकदा मी दुकानात गेले तेव्हा हा प्रकार चालू होता. मी म्हटलं, ‘‘अप्पा, लोक बायकोला दागिने घालून बघतात, तुम्ही करंट देऊन बघता.’’ गंगम्मा तोंड उघडं ठेवूनच इतकी हसली की आकडा चुकला आणि अप्पा माझ्यावरच चिडले.

चार वर्षांपूर्वी गंगम्माला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यातच उजव्या खालच्या जबड्याला सूज आली. अप्पा आणि त्यांची मुलगी मंजुश्री तिला गाडीत आडवं घालून लातूरहून नांदेडला माझ्याकडे घेऊन आले. लातुरात डॉक्टर काय कमी आहेत? पण अप्पांचं म्हणणं, माझा हात हलका आहे.

शेजारशेजारच्या दोन दाढांवर संशय होता. गंगम्मा फार वेळ तोंड उघडं ठेवू शकत नव्हती, त्यामुळे दुखरी दाढ काढून टाकणं एवढाच मार्ग होता. कुठली काढायची, हे अप्पांनी स्वतःजवळ ठेवलेल्या तशाच साबणदाणीने सांगायचं ठरलं. पुढच्या दाढेला टोक लावलं, वीज शेवटपर्यंत वाढवली. गंगम्माचं डावं बोट हललं नाही. मागच्या दाढेला लावलं तर बोट लगेच उचललं गेलं. ‘‘पुढची मेली,’’ अप्पा म्हणाले. मी पुढची काढली.

दाढ चिमट्यात आली तशी मला कळलं. ती निरोगी होती. मूळ स्वच्छ, टोकाशी कोवळा गुलाबी धागा. मी जिवंत दात उपटला होता. कुजलेल्या दाढेत पू भरलेला असला की त्यातूनही वीज वाहते आणि आजूबाजूच्या जागेला जाणवते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुढच्या दाढेच्या वेळी बोट का हललं नाही, ते देव जाणे. बिचारी दमली असेल. मी काही बोलले नाही. अप्पांनी दाढ मागून घेतली, उजेडात धरून पाहिली, कागदात बांधून खिशात टाकली. तीन दिवसांनी मी मागची दाढ काढली आणि सूज उतरली. सहा महिन्यांनी गंगम्मा गेली. दाढेमुळे नाही, पण आम्हा दोघांच्या मनात त्या दोन गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या गेल्या.

त्यानंतर अप्पांनी तीन वर्षं तिसऱ्या यंत्रावर घालवली. कोरोनात सगळ्यांनी बोटाला चिमटा लावून घेतला होता, तो आठवत असेल. लाल उजेड बोटातून आरपार जातो आणि रक्ताची नाडी दाखवतो. अप्पांनी तसाच चिमटा दातासाठी बनवला. आत रक्त वाहत असेल तर दात जिवंत. पेशंटने बोट उचलायला नको, ‘बंतु’ म्हणायला नको. मुकं माणूस असो की बेशुद्ध, यंत्र थेट दातालाच विचारणार. ते कोणासाठी बनवलं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत ते यंत्र घेऊन अप्पा आले. दुपारी दोन ते चार माझा दवाखाना बंद असतो. वीज गेलेली होती, पंखा थांबलेला, खाली रस्त्यावर ऑटोवाल्यांचा आवाज. अप्पा फार वाळलेले दिसले. जिना चढून आल्यावर कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

‘‘म्याडम, एक दावतो. घाबरू नका,’’ ते म्हणाले.

खिशातून त्यांनी भस्माची छोटी डबी काढली. आत कापसात एक दाढ होती. आपण काढलेली दाढ आपल्याला ओळखू येते. तिच्या मागच्या मुळाला जरा बाक होता.

लिंगायत घरांत इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याकडे टक लावून पूजा करतात. अप्पांना त्याची इतकी सवय की कुठलीही मोलाची वस्तू, ट्रान्झिस्टर असो की स्क्रू, ते तशीच डाव्या तळहातावर घेऊन बघायचे. दाढही त्यांनी तशीच घेतली, बोटं अर्धी मिटली आणि चिमटा लावला. दाढ आतून लालसर उजळली.

यंत्र बोलायला लागलं. टक. टक. टक. मग काहीच नाही. मग पुन्हा टक. टक. टक.

चार वर्षांपूर्वी तोंडातून काढलेल्या, कापसात वाळलेल्या दाढेतून नाडी येत होती.

‘‘ही कुणाची नाडी आहे, अप्पा?’’

‘‘तिचीच की. चवथा ठोका चुकतोय बगा. लकव्यानंतर मी रोज तिचं मनगट धरून बसायचो. असाच चुकायचा. मोजून मोजून पाठ झालाय मला.’’ ते दाढेकडेच बघत बोलत होते. ‘‘आमच्यात जाळत न्हाईत म्याडम. हातात लिंग देऊन, बसवून पुरतेत. तिला समदी दिली मातीला. ही दाढ तेवढी वर ऱ्हायली. जिती उपटलेली. ती काय मरायला तयार न्हाई.’’

मला भीती वाटली की राग येतो. माझ्या आईचंही तसंच होतं. मी कपाटातून काचेची बरणी काढली. काढलेले दात मी त्यात ठेवते, कॉलेजची मुलं सरावासाठी घेऊन जातात. त्यातला एक दात मी धुऊन, पुसून अप्पांच्या तळहातावर ठेवला. ‘‘ह्याला लावा.’’

टक. टक. टक. आणि ती मोकळी जागा.

दुसरा ठेवला. तिसरा ठेवला. एक कुणाची तरी अक्कलदाढ होती, एक म्हाताऱ्या माणसाचा हललेला पुढचा दात होता. सहा दात लावून पाहिले. सहा माणसं, कोण कुठली, त्यातलं एखादं आता हयातही नसेल, आणि सगळ्यांच्या दातात एकच नाडी. तीच चाल, तोच चुकलेला चौथा. अंधारलेल्या खोलीत तो आवाज ऐकताना मला वाटलं, आता बरणीतले उरलेलेही एकदम वाजायला लागतील. खरं सांगते, मला जिना उतरून रस्त्यावर पळून जावंसं वाटलं.

अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्य नव्हतं. तेवढ्यानेच मी भानावर आले. जन्मभर यंत्रांच्या चुका शोधणारा माणूस सहा मेलेले दात बोलताना ऐकतो आणि त्याची भुवईसुद्धा वर होत नाही?

मी गंगम्माची दाढ त्यांच्या हातातून घेतली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून चिमटा लावला. यंत्र गप्प. मग माझ्या तळहातावर घेतली. टकटकटकटक, भरभर, एकही ठोका न चुकता. मिनिटाला शहाण्णव. ती माझी स्वतःची घाबरलेली नाडी होती. चिमट्याचा उजेड दाढेतून निसटून तळहाताच्या कातडीत जात होता आणि तिथलं रक्त मोजून परत येत होता.

मी अप्पांचं मनगट पकडलं. तीन ठोके, आणि बोटाखाली काहीच नाही. पुन्हा तीन ठोके.

‘‘अप्पा, ही तुमची नाडी आहे!’’

‘‘व्हय,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘सर्किट म्याच काढलंय. मला कळणार न्हाई का? पहिल्याच दिशी कळलं. काळ्या रबराच्या तुकड्याला भोक पाडून दात त्यातून वर घेतला की ही बाहेरची नाडी येत न्हाई. मशीन खरं बोलतंय. ते काम झालंय माझं.’’

‘‘मग रबर का लावत नाही?’’

मी खुर्ची ओढून त्यांना बळेच बसवलं आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. दोनदा चक्कर येऊन पडले होते, एकदा बसस्टँडवर. लातूरच्या हृदयाच्या डॉक्टरने आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की पेसमेकर बसवा, नाहीतर हे हृदय एक दिवस ठोका चुकवेल आणि पुन्हा घेणारच नाही. मंजुश्री रडून, भांडून थकली होती.

‘‘पेसमेकर बसवला की ठोका सरळ व्हतो म्हणं,’’ अप्पा म्हणाले. ‘‘मग ह्या दाढेत मी काय ऐकू? माझी का असंना, चाल तिची हाय. दोघांची नाडी एकाच जागी चुकावी, हे उगंच हाय का? ती मला बोलवून राहिली.’’

‘‘वेड लागलंय का तुम्हाला? मरून राहिलात तुम्ही, अप्पा!’’ मी ओरडलेच. ‘‘बरं, तिची नाडी तुम्ही मोजायचात कशी? दाखवा मला. माझं मनगट धरा.’’

त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर अंगठा ठेवला.

‘‘अंगठ्याने?’’

‘‘व्हय. का?’’

मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ माझ्या आधी धावते. ‘‘अंगठ्याला स्वतःची नाडी असते, अप्पा. म्हणून अंगठ्याने मोजायचं नसतं. समोरच्याची समजून माणूस स्वतःचीच मोजत बसतो. नर्सला हे पहिल्या दिवशी शिकवतात.’’

अप्पांनी आपला अंगठा समोर धरून पाहिला. वीज अजून आली नव्हती. चिमटा ट्रेमध्ये पडला होता आणि त्याचा लाल उजेड छतावर दिसत होता.

‘‘मंजी तवाबी मीच व्हतो?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तिचं मनगट धरून मी माझंच...’’

गंगम्माच्या शेवटच्या महिन्यांतलं त्यांच्याजवळ एवढंच होतं आणि ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं. मला माझी लाज वाटली. आणि ती लाज एकदा आत शिरली तशी तिने दुसरीही बाहेर ढकलली.

‘‘अप्पा, त्या दिवशी एक्स-रे काढला होता. मागच्या दाढेच्या मुळाशी काळा डाग होता. मी पाहिला होता. तुमच्या यंत्राने उलटं सांगितलं म्हणून मी तो एक्स-रे बाजूला ठेवला. तुमच्यावर विश्वास होता, म्हणून. पण डॉक्टर मी होते, तुम्ही नाही. दाढ हातात आली तेव्हाच मला कळलं होतं आणि मी तोंड बंद ठेवलं.’’

‘‘एक्सरेत दिसत व्हता?’’

‘‘हो.’’

ते उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज चढवताना एकदाच ऐकलं होतं, तेही गमतीत. आता त्यांचा आवाज चढला नाही. ‘‘ती साबणदाणीतली मशीन म्या जाळून टाकली, म्याडम. तीस वरसांची मशीन. म्हणलं, हिनं माझ्या मुक्या बायकोची जिती दाढ खाल्ली. रोज झोपताना सोताला शिव्या दिल्या. तुमी एकडाव तरी बोलला असता.’’

त्यांनी दाढ डबीत ठेवली, यंत्र पिशवीत घातलं आणि ते जिना उतरून गेले. मी थांबा म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

त्यानंतरचे तीन आठवडे वाईट गेले. फोन वाजला की मला वाटायचं, मंजुश्रीचाच, अप्पा गेल्याचा. पेशंटचा दात तपासताना मी दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरायला लागले होते, आणि पेशंट माझ्याकडे विचित्र नजरेने बघायचे. बरणी मी कॉलेजला देऊन टाकली. तरी दुपारी दवाखाना बंद झाला की तीन ठोके ऐकू यायचे. नळ टपकत असेल म्हणून मी नळाचा वॉशरही बदलून घेतला.

मंजुश्रीचा फोन आला तो सकाळी. ‘‘शरणार्थी म्याडम,’’ तिने त्यांच्यातला नमस्कार घातला. ‘‘काल अप्पांना पेसमेकर बसवला. सोताहून तयार झाले. तुम्हाला लातूरला बोलवलंय, जरा हिंडाफिरायला लागल्यावर.’’ मी फोन ठेवला आणि समोर पेशंट बसलेला असताना रडले.

महिन्याभराने मी लातूरला गेले. अप्पा मला घरी नेण्याऐवजी थेट लिंगायतांच्या स्मशानात घेऊन गेले. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन चढलं होतं, आसपास कोणी नव्हतं. गंगम्माच्या समाधीवर सिमेंटचा छोटा चौथरा होता. अप्पांच्या शर्टाखाली, डाव्या खांद्याजवळ पेसमेकरचा उंचवटा दिसत होता. ते चौथऱ्याजवळ मांडी घालून बसले. दाढ तळहातावर घेतली आणि पिशवीतून यंत्र काढून चिमटा लावला.

टक. टक. टक. टक. सरळ साठ. कुठेही मोकळी जागा नाही.

‘‘ऐकलं?’’ ते म्हणाले. ‘‘मशीन मशीनसंगं बोलून राहिली. तिचं ह्यात कायबी न्हाई.’’

‘‘अप्पा, तुम्ही माझ्यावर चिडून गेला होता. मग ऑपरेशनला तयार कसे झालात?’’

पिशवीतून खुरपं काढून ते चौथऱ्याच्या कडेची माती उकरायला लागले. ‘‘समदा दोष माझा व्हता तवर ही दाढ हातातून सोडवत नव्हती. त्या दिशी अर्धा दोष तुमचा निघाला. अर्धा उचलून जगता येतं, म्याडम.’’

मला वाटलं होतं, ते मला माफ करतील. त्यांनी माफ केलं नाही, वाटणी केली. आणि ती वाटणी बरोबर होती, म्हणून मला त्यांचा रागही आला नाही.

खड्डा वीतभर झाला. अप्पांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि दाढ माझ्यापुढे धरली. ‘‘उपटली तुमी. ठेवाबी तुमीच.’’

मी डावा हात पुढे केला. त्यांनी दाढ माझ्या तळहातावर ठेवली. ती त्यांच्या हाताने कोमट झालेली होती. चिमटा पिशवीत होता, यंत्र बंद होतं, तरी माझ्या तळहातात, अगदी दाढेच्या खाली, काहीतरी ठोकत होतं. माझीच नाडी, दुसरं काय असणार? एवढं मला कळतं. अप्पा माझ्या हाताकडे बघत होते. मी खड्ड्यावर वाकले. तीन ठोके मी नकळत मोजले, आणि चौथा यायच्या आत हात उलटा केला.